डावीकडचा कठडा

पहिली पायरी

चोरीला काहीच गेलं नव्हतं. उलट अकरा वस्तू जास्त झाल्या होत्या, आणि तक्रार त्याचीच होती.

आमच्या नगररचना कचेरीच्या पहिल्या मजल्यावरच्या दालनात एक लांबलचक टेबल आहे. त्यावर महिनाभर एका गल्लीचा नमुना मांडला होता. अकरा दुमजली घरं, प्रत्येक मुठीएवढं. रंगीत दारं, दारांवर कमानी, रस्त्याला दिव्यांचे खांब. ही घरं पाडून तिथं उंच इमारत बांधायचा प्रस्ताव आहे. लोकांनी यावं, नमुना बघावा, काही खटकलं तर हरकत लिहून द्यावी, म्हणून तो तिथं. आज दुपारी तीनला सुनावणी. सुनावणीची टिपणं मी घेते. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहितेय, स्वतःचं बोलायची वेळ फारशी आलेली नाही.

सकाळी दहाला मामांनी दालन उघडलं. मामा म्हणजे आमचे रखवालदार. एका गुडघ्यानं अधू, त्यामुळं डावा हात भिंतीला लावत लावत चालतात, आणि जिना चढून कोणीही वर आलं की आधी पाण्याचा पेला पुढे करतात. मग विचारतात, काय काम आहे.

मी खुर्ची सरळ केली, वही उघडली आणि सहज टेबलाकडे पाहिलं.

प्रत्येक घराच्या पाठीमागे एक जिना उभा होता. काल संध्याकाळी तिथं एकही जिना नव्हता.

पायऱ्या फाइलच्या जुन्या पुठ्ठ्याच्या. कठडे काडेपेटीच्या काड्यांचे. मी बोट लावलं. डिंक अजून ओलसर होता.

"हात लावू नका!" दारातून कोणीतरी ओरडलं. "हा पुरावा आहे!"

दुसरी पायरी

ओरडणारे होते आर्किटेक्ट. नवी इमारत त्यांनीच आखलेली, नमुनाही त्यांच्याच कचेरीनं करून दिलेला. त्यांच्या आवाजानं मॅडम बाहेर आल्या. मॅडम म्हणजे प्रस्तावावर निर्णय देणाऱ्या अधिकारी. त्यांनी टेबलाला एक फेरी घातली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नियम वाचा," त्या मला म्हणाल्या.

मी वाचलं. "मांडलेल्या नमुन्यात हरकतदारांपैकी कोणी फेरफार केल्यास, अथवा फेरफार कोणी केला हे सुनावणीपूर्वी न कळल्यास, आलेल्या हरकती विचारात घेऊ नयेत."

मामा पाण्याचा ट्रे घेऊन मागे उभे होते. पेले एकमेकांवर किणकिणले.

"झालं तर मग," आर्किटेक्ट म्हणाले. "हरकत एकच आहे, गल्लीवाल्यांची. ती गेली. कळलं कोणी केलं ते तर गेली, आणि नाही कळलं तरी गेली."

ती हरकत मीच नोंदवून घेतली होती, म्हणून मला पाठ होती. दुसरा एक नियम असा की जितकी कमी भाड्याची घरं पाडाल तितकी, त्याच भाड्यात, त्याच जागी परत बांधून द्यायची. प्रस्तावात अकरा घरं दाखवली होती. वरच्या मजल्यापुढं लिहिलं होतं, 'माळा, सामानासाठी.' गल्ली म्हणत होती, वर माळा नाही, माणसं आहेत. प्रत्येक घराच्या वर दोन खोल्या, दोन बिऱ्हाडं. एकूण बावीस. हरकत गेली तर ती बावीस बिऱ्हाडं कागदावर कधी नव्हतीच. त्यांना घर नाही, आणि त्या भाड्यात या गावात दुसरीकडे न्हाणीघरही मिळत नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शोधा."

"मी? मी काय पोलीस आहे?"

"पोलीस विचारतात. तुम्ही ऐकता. बावीस वर्षं ऐकताय. तीन वाजेपर्यंत."

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं.

तिसरी पायरी

(वहीतून, जसंच्या तसं.)

मी: किल्ली कुठं असते?

आर्किटेक्ट: मला काय विचारता? रखवालदाराच्या खोलीतल्या खुंटीला. महिनाभर येतोय मी. ती खुंटी अख्ख्या गावाला माहीत आहे.

मी: म्हणजे तुम्हालाही.

आर्किटेक्ट: मलाही.

मी: जिने लावल्यानं फायदा कोणाचा?

आर्किटेक्ट: गल्लीचा. खोटी बिऱ्हाडं दाखवायला.

मी: पण नियमानं हरकत गेली. म्हणजे फायदा तुमचा.

आर्किटेक्ट: बाई, तुम्ही दिसता तेवढ्या साध्या नाही.

मी: नमुना कशावरून केला?

आर्किटेक्ट: फोटोंवरून. रस्त्यावरून काढलेले शंभर, आणि एक वरून, आकाशातून. त्यात मागच्या बाजूला नुसते पत्रे दिसतात. सामानाच्या शेड.

मी: पत्र्यांच्या खाली काय आहे?

आर्किटेक्ट: सांगितलं ना, शेड. हे बघा, मी काही राक्षस नाही. त्या गल्लीचा चेहरा मी जसाच्या तसा ठेवतोय. कमानी, रंग, दिवे. नव्या इमारतीच्या तळमजल्याला तो सगळा दर्शनी भाग बसवणार आहे. चार रात्री जागून काढलाय.

मी: मागच्या बाजूला गेला होतात?

आर्किटेक्ट: मागे जायला वाट आहे?

हे मी दोनदा अधोरेखित केलं. हा माणूस एक तर फार तयारीचा नट होता, किंवा त्याला खरंच माहीत नव्हतं.

चौथी पायरी

मी भिंग घेतलं आणि टेबलाशी गुडघे टेकून बसले. नियमात जिने कोणी लावले एवढंच विचारलंय. कसे लावले ते कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी तेच आधी लिहून काढलं.

घर एक: चौदा पायऱ्या.
घर दोन: तेरा.
घर तीन: चौदा, मध्ये वळण.
घर चार: बारा, पहिली फार उंच.
घर पाच: तेरा, जिना उगवतीकडे उतरतो.
घर सहा, सात: चौदा, चौदा.
घर आठ: अकरा. सातवी पायरी नाही. तिथं मुद्दाम फट ठेवलीय.
घर नऊ: तेरा. कठडाच नाही.
घर दहा, अकरा: बारा, बारा.

कठडे सगळे एकाच बाजूला. चढताना डावीकडे. उजवीकडे एकही नाही.

घाईत खोटं करणारा माणूस एक जिना करतो आणि त्याच्या दहा नकला काढतो. इथं प्रत्येक जिना वेगळा होता. पहिली पायरी उंच आहे हे ज्याला आठवतं, त्याला ती लागलेली असते.

"ताई, पाणी." मामा. त्यांना वाकवत नाही म्हणून त्यांनी पेला टेबलाच्या कडेवर ठेवला. दोन वर्षं झाली त्यांना इथं येऊन, आणि मी एकदाही त्यांच्याकडे पाणी मागितलेलं नाही. मागायच्या आत येतं.

"काय कळतंय का?"

"कळतंय एवढंच की इथं बसून कळणार नाही."

"मग बघून या की," मामा म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले. "पंधरा मिनिटांची वाट आहे. मागच्या अंगानं जा. पाण्याच्या नळाशेजारून बोळ आहे."

खांद्याची पिशवी त्यांनी सारखी केली. डाव्या खांद्यावरची. उजवा खांदा त्यांचा कायम उतरलेला असतो.

मी निघाले. अर्ध्या वाटेत मनात आलं, आर्किटेक्टला महिनाभरात जो बोळ सापडला नाही, तो मामांना कसा ठाऊक? मग वाटलं, असेल. रखवालदारांना सगळ्या गावाचे बोळ ठाऊक असतात.

पाचवी पायरी

बोळातून बाहेर पडले आणि थबकले.

मागं अंगण होतं. अकराही घरांचं मिळून एक. आणि त्या अंगणात, पत्र्यांच्या सावलीत, अकरा जिने उतरत होते. जिन्यांवर माणसं बसली होती, जशी आपण ओसरीवर बसतो तशी. एका पायरीवर भाजी निवडणं चाललेलं, दुसरीवर कोणी केस विंचरत होतं, एक आजोबा खालच्या पायरीवर आणि त्यांचं वर्तमानपत्र वरच्या.

"कोणाकडे?" चार जिन्यांवरून चार आवाज.

हरकतीवर पहिली सही ज्यांची, त्यांचं नाव मी सांगितलं. कोणाला कळेना. मग एकजण म्हणाला, "अहो, मापकाकू! मापकाकू म्हणा ना. आठ नंबर, वर."

काकू वरूनच ओरडल्या, "सातवीवर पाय नको गं! मोडलीय. सहावीवरून थेट आठवीवर."

काकू कपडे शिवतात. मशीन आतल्या खोलीत, मापं घेणं मात्र जिन्याच्या वरच्या चौकात, उजेडात. मी कचेरीतून आल्याचं सांगितलं तशी त्यांनी टेप गळ्यात टाकला.

"नमुना बघायला तुम्ही कधी आला होतात?"

"दोनदा आले. काल शेवटची. विचारलं मी त्या साहेबांना, आमचे जिने कुठायत? तर म्हणे, काकू, आम्ही गल्लीचा चेहरा राखलाय. म्हटलं, चेहरा राखलात आणि पाठ कापलीत!"

"मग रात्रीतून जिने तुम्ही लावलेत?"

"जिने? लागले?" काकूंचा चेहरा उजळला. मग माझ्या तोंडाकडे बघून तो विझला. मी नियम सांगितला.

"मी असते तर कापडाचे केले असते," त्या हळूच म्हणाल्या. "पुठ्ठ्याशी माझं जमत नाही. बाई, आमची हरकत जाईल?"

"पुठ्ठ्याचे आहेत हे मी सांगितलेलं नाही, काकू."

काकूंनी टेपचं एक टोक बोटाला गुंडाळलं. सोडवलं. परत गुंडाळलं. मग मान पाच नंबरकडे वळली. तिथं एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून उठून माझ्याच दिशेनं येत होते.

सहावी पायरी

"मीच केले," ते म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "लिहून घ्या. मी हस्तकलेचा निवृत्त मास्तर. बत्तीस वर्षं शाळेत पुठ्ठाकाम शिकवलं. किल्ली खुंटीवर होती. जिने मी केले. आता मला काय शिक्षा करायची ती करा."

"मास्तर, तुमचीही हरकतीवर सही आहे. तुम्ही कबूल झालात की सगळ्यांची हरकत बुडाली."

मास्तर मटकन पायरीवर बसले. त्यांनी नियम ऐकलाच नव्हता. कोणालातरी वाचवायचं एवढंच मनात धरून आले होते.

"बरं, सांगा," मी म्हटलं, "तुम्ही राहता कुठं?"

"हा काय, पाच नंबर. वर. एकोणतीस वर्षं."

मी जिन्याकडे बघितलं. तो मावळतीकडे उतरत होता.

"हा पहिल्यापासून असाच?"

"छे. आधी तिकडं होता, उगवतीला. दीड वर्षापूर्वी पाण्याची टाकी बसवली, तेव्हा फिरवून घेतला."

"नमुन्यात तो उगवतीलाच आहे, मास्तर. स्वतःच्या जिन्याची दिशा चुकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी टेपकडे. दोघांनाही ठाऊक होतं, कोण ते. आणि दोघंही मला सांगणार नव्हती, मग हरकत बुडाली तरी चालेल.

बावीस बिऱ्हाडांच्या वर ज्याला जागा आहे, असा हा माणूस कोण?

एक मात्र पक्कं झालं. जिने करणारा गल्लीतला नव्हता. रोज बघणाऱ्याकडून ती चूक झाली नसती. त्याला सगळे जिने पाठ होते, आणि गेल्या दीड वर्षात तो इथं आलेला नव्हता.

सातवी पायरी

(मोडकी. थेट आठवीवर या.)

आठवी पायरी

मी निघणार तेवढ्यात खाली कोणीतरी काकूंसाठी कापडाचं गाठोडं आणून टाकलं. काकू एका गिऱ्हाइकाच्या बाहीत अडकलेल्या. म्हटलं, मी आणते वर. बसून ऐकायचं काम करणाऱ्या बाईला असा उत्साह कधी येऊ नये.

गाठोडं उजव्या खांद्यावर घेतलं. मान आपोआप डावीकडे कलली. डाव्या हातानं कठडा शोधला आणि घट्ट धरला. एक. दोन. तीन. खांदा भरून आला. चार. पाच. सहा. मी काय करतेय? मी पायऱ्या मोजतेय. मघाशी नुसती चढले होते तेव्हा मोजल्या नव्हत्या. आठ. नऊ. ओझं असलं की माणूस मोजतो, अजून किती राहिल्या ते. दहा. अकरा.

गाठोडं टाकलं आणि मागे वळून श्वास घेतला.

तेव्हा दिसलं. जिन्याला उजवीकडेही कठडा होता. जाड, लोखंडी, हिरवा रंग दिलेला. आत्ता त्याच्याशेजारून मी अकरा पायऱ्या चढून आले, आणि तो मला दिसलाच नव्हता. कारण त्या बाजूला माझं ओझं होतं.

मी धावतच खाली उतरले आणि सगळे जिने फिरून बघितले. बहुतेकांना दोन्हीकडे कठडे. नऊ नंबरला डावीकडे भिंत, कठडा फक्त उजवीकडे. आणि नमुन्यात नऊ नंबरला कठडाच नव्हता!

वहीत लिहिलं: प्रत्येक जिना वर्षानुवर्षं चढलेला. उजव्या खांद्यावर जड ओझं घेऊन.

नववी पायरी

"काकू, सगळ्या जिन्यांवर कोण चढतं? पोस्टमन?"

"त्याच्या पेट्या पुढं, रस्त्याला."

"विजेचं मीटर बघणारा?"

"मीटरही पुढंच."

"दूध?"

"आपापलं आणतो."

"उतरतानाही ओझं असलं असतं तर डावा हात दुसऱ्या कठड्यावर गेला असता, आणि त्याला तोही आठवला असता," मी मोठ्यानं विचार करत होते. "म्हणजे चढताना भरलेलं, उतरताना रिकामं. भरलेलं वर न्यायचं, रिकामं खाली आणायचं. काकू, तुम्ही स्वयंपाक कशावर करता?"

काकूंची नजर गेलीच. आत, शेगडीच्या खाली, गॅसच्या सिलिंडरकडे.

"आता आणतो तो नवीन आहे ना? आधीचा कुठंय?"

"त्याला बोल लागणार असेल तर मी नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "सोळा वर्षं आमच्या चुली त्याच्या खांद्यावर पेटल्या. गुडघा गेला तर म्हणत होता, कोणाला सांगू नका, काम जाईल. मग आम्हीच दोरी लावून सिलिंडर वर ओढायचो आणि तो खाली उभा राहून रडायचा. शेवटी मास्तरांनी अर्ज लिहून दिला त्याला. बसून करायच्या नोकरीचा."

"कुठं?"

काकू परत बाहीकडे वळल्या.

विचारायची गरजही नव्हती. तसा एक अर्ज मी पाहिलाय, मास्तरी वळणाच्या सुंदर अक्षरातला. तो माझ्या कपाटात दोन वर्षं पडून आहे. अडीच वाजले होते. मी बोळातून जवळजवळ पळत सुटले.

कचेरीच्या जिन्याच्या पायथ्याशी ते माझी वाट बघत उभे होते. डाव्या खांद्यावर पिशवी. हातात पाण्याचा पेला.

दहावी पायरी

"आधी पाणी घ्या, ताई. धाप लागलीय."

मी प्यायले. "मामा, पाच नंबरचा जिना आता मावळतीला उतरतो."

त्यांनी नाकारलं नाही. चेहरा नुसता मोकळा झाला, खांद्यावरचं खाली ठेवल्यासारखा. "फिरवला होय? मला काय माहीत. गुडघ्यामुळं जाणंच नाही झालं."

"सकाळीच का नाही बोललात? मी नियम वाचला तेव्हा तुम्ही तिथंच होतात."

"नियम मला तेव्हाच कळला. वाटलं होतं, उलट मदत होईल. महिनाभर तो नमुना राखत होतो मी. अकरा घरं, आणि वर जायला वाट नाही. झोप येईना. काल काकूंना एवढंच म्हटलं, पुठ्ठ्याचे करून लावतो. सोळा वर्षं प्रत्येक जिन्याच्या वरच्या पायरीवर मला पाणी मिळालंय, ताई. दर खेपेला. उन्हातान्हात कोणी विचारलं नाही की आधी बिल दाखव. त्यांचे जिनेच नाहीत म्हणजे मग मी प्यायलो ते पाणी कुठलं?"

मी रिकामा पेला त्यांच्या हातात दिला.

"बोलणारच होतो मी. तीनच्या आत, सगळ्यांसमोर. पण सकाळीच बोललो असतो तर तुम्ही गल्लीत गेला असता का?"

नसते गेले. फेरफार करणारा सापडला, असं लिहून मी डबा उघडला असता.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी अहवाल वाचला. काकू, मास्तर आणि गल्लीतली माणसं मागच्या बाकांवर बसली होती. जिन्याची दिशा, दीड वर्षं, डावीकडचे कठडे, उजवा खांदा, सगळं ओळीनं. शेवटचं वाक्य वाचायच्या आधीच मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मीच तो."

"हा हरकतदार नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "आणि कोणी केलं ते सुनावणीपूर्वी कळलंय. हरकत कायम."

मागच्या बाकांवर कोणीतरी हुंदका दिला. बहुधा मास्तर.

"मात्र फेरफार तो फेरफार. मामा, जिने काढा."

मामांनी एकेक जिना पात्यानं सोडवला आणि पाण्याच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडला. अकरावा निघाला तसे मॅडमनी आर्किटेक्टकडे पाहिलं. "आता नमुना तुमचा तुम्हाला परत. जागेशी जुळतो, असं लिहून द्याल?"

आर्किटेक्टनी पेन काढलं. ट्रेकडे बघितलं. घर आठचा जिना उचलून डोळ्यांजवळ नेला, सातव्या पायरीच्या फटीतून पलीकडे बघितलं. आणि पेन खिशात ठेवलं.

"मी समोरून गेलो आणि समोरूनच परत आलो," ते म्हणाले. "मॅडम, आत्ता जाता येईल का? मागच्या अंगानं?"

अकरावी पायरी

मॅडम अकराही जिने चढल्या. वर प्रत्येक ठिकाणी दोन दारं होती, आणि प्रत्येक दारात माणूस. मी टिपत गेले. संध्याकाळपर्यंत आकडा ठरला: खाली अकरा, वर बावीस, एकूण तेहेतीस. तेहेतीस घरं, त्याच जागी, त्याच भाड्यात, नाहीतर परवानगी नाही. आर्किटेक्ट अंगणात मधोमध उभे होते, वहीत आधीची इमारत खोडत. "उंची कमी करावी लागेल," ते स्वतःशीच पुटपुटत होते. "आणि अंगण मधेच पाहिजे. जिने बाहेरूनच पाहिजेत. बसायला." मास्तरांनी त्यांना आपली पट्टी दिली. ते "थँक्यू, मास्तर" म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्यासारखे.

मामांना लेखी ताकीद मिळाली. टाइप मीच केली. मॅडमनी सांगितलं तसं: 'यापुढे नमुन्यात काही उणे आढळल्यास हाताने दुरुस्त न करता तोंडाने सांगावे. आणि कचेरीने ते ऐकावे.' दुसरं वाक्य ताकिदीत बसत नाही, असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "ते ताकिदीत नाहीच. ते आपल्याला आहे."

आमच्यासोबत मामाही आले होते. बोळाच्या तोंडाशी घुटमळत राहिले. मग कोणीतरी "अरे, आले!" म्हणालं आणि अकरा जिन्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

"वर ये," काकूंनी आठ नंबरवरून हाक मारली. "सावकाश ये. आज काही आणायचं नाहीये."

मामा चढू लागले. डावा हात सवयीनं डाव्या कठड्यावर. एक. दोन. उजवा हात बाजूला नुसता लोंबकळत होता, त्याला काय करावं कळत नसल्यासारखा. पाचवीवर गुडघा डगमगला. तो रिकामा हात हवेत गेला, आणि त्याला हिरवं लोखंड लागलं.

मामा थांबले. उजवीकडे वळून त्यांनी ते बघितलं. हात पुढे सरकवला, मागे आणला.

"काकू, हा कठडा कधी बसवलात?"

"पहिल्यापासून आहे की," काकू म्हणाल्या.

मामांनी दोन्ही हातांनी दोन्ही कठडे धरले. सहावीवरून आठवीवर पाय टाकला. वरच्या पायरीवर काकू पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या.